आज भाजी काय?

नाशिकच्या खानावळीत मेन्यूकार्ड नसतं. फार तर भिंतीवर एक पाटी असते: राईस प्लेट, स्पेशल थाळी, जादा पोळी, जादा भाकर, ताक, अंडाकरी. तिच्याखाली खडूनं किंवा मार्करनं लिहिलेली, रोज बदलणारी एक ओळ. म्हणून नेहमीचा माणूस खुर्ची ओढायच्या आधीच विचारतो, "मावशी, आज भाजी काय?" नवखा विचारतो, "काय काय मिळेल?" या दुसऱ्या प्रश्नाला खानावळीत धड उत्तर नसतं. जे शिजलंय ते मिळेल. हा कारभार आतून कसा चालतो ते एकदा समजलं, की पहिलाच प्रश्न का विचारायचा हेही समजतं आणि त्याच पैशात जेवणही बरं पदरात पडतं.

नाशिक म्हटलं की बाहेरच्यांना मिसळ आठवते. ती सकाळची गोष्ट. रविवारी गंगापूर रोडला किंवा मखमलाबादच्या बाजूला गाड्या लावून, पापड कुस्करून, वर जिलेबी खाऊन लोक घरी जातात आणि दुपारी झोपतात. खानावळीचं गिऱ्हाईक वेगळं. ते रोज येतं, त्याला घरी स्वयंपाक करायला कुणी नसतं किंवा वेळ नसतो, आणि रोज खाल्लं तरी पोट बिघडणार नाही असं जेवण त्याला हवं असतं. हॉटेलचं जेवण महिन्यातून दोनदा छान लागतं. खानावळीचं जेवण महिन्यातून साठ वेळा चालावं लागतं. तेल, मसाला, मीठ, सगळं त्या हिशेबानं पडतं. एखाद्या खानावळीत पहिल्या घासाला 'वा' आलं नाही, तर तो दोष समजू नये.

महाराष्ट्रात खानावळ वाढली ती घर सोडून आलेल्या माणसांमुळे. मुंबईत दादरला मामा काणे यांचं उपाहारगृह 1910 सालचं. पुण्यात टिळक रस्त्यावरची बादशाही शिकायला आलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या नोकरदारांच्या पिढ्यांना जेवू घालत आली. मुंबईच्या गिरणगावातली गोष्ट निराळी. तिथे खोलीतल्या चुलीवर बाया गिरणी कामगारांचं जेवण रांधायच्या, आणि पगार होईपर्यंत किराणा भरायला सावकाराकडून उसने घ्यायच्या. त्यांना एकत्र आणून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. घरातली ही खानावळ धंदा म्हणून कुणी मोजतच नव्हतं, ती तिथे कागदावर आली.

नाशिकला माणसं आली ती दोन वाटांनी. पहिली वाट रामकुंडाची. क्रियाकर्माला, दर्शनाला, सिंहस्थाला येणाऱ्या यजमानांची जेवणाची सोय पंचवटीत तीर्थोपाध्यायांच्या घरी होत असे. पाटावर बसून, आधी सांगून, ठरल्या वेळी. दुसरी वाट कारखान्यांची. नाशिकरोडला 1925 साली सिक्युरिटी प्रेस आला, 1928 ला नोटांचा छापखाना. पुढे ओझरला विमानांचा कारखाना, सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती. पाळीवर काम करणाऱ्या माणसाला दुपारी दोनलाही जेवण लागतं आणि रात्री साडेदहालाही. त्यात कॉलेजरोड आणि गंगापूर रोडच्या गल्ल्यांतली मुलं आली, स्पर्धा परीक्षांचे अभ्यासिकावाले आले, सीबीएस आणि ठक्कर बाजारला एसटी बदलणारे आले. आजची नाशिकची खानावळ या सगळ्यांच्या वेळा सांभाळते.

आता मूळ मुद्दा. भाजी कोण ठरवतं? मालकीण ठरवत नाही, आचारी ठरवत नाही, गिऱ्हाईक तर नाहीच. भाजी ठरवतो बाजार. आणि याबाबतीत नाशिकइतकं नशीबवान शहर थोडंच. मुंबईच्या ताटात पडणारा भाजीपाला मोठ्या प्रमाणात याच जिल्ह्यातून जातो. मेथी, कोथिंबीर, कांदापात, शेपू यांचे लिलाव जुड्यांच्या शेकड्यावर होतात आणि रात्रीतून गाड्या कसारा घाट उतरतात. जे जात नाही, उरतं, किंचित दबलेलं असतं किंवा त्या दिवशी आवक फार झाल्यानं पडेल भावानं निघतं, ते शहरात राहतं. कोथिंबिरीची जुडी याच शहरात कधी दोन रुपयांना मिळते आणि कधी शंभराच्या पुढे जाते. आठ-दहा दिवसांत भाव असा फिरणाऱ्या गावात आठवड्याचं वेळापत्रक छापून लावणं हा वेडेपणा ठरेल.

म्हणून खानावळवाला आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे बाजारात जातो तेव्हा त्याच्या डोक्यात भाजी नसते, आकडा असतो. एका ताटामागे भाजीला इतके रुपये, याच्या वर नाही. त्या आकड्यात जे बसेल ते उचलायचं. पावसाळ्याच्या शेवटी गिलके, दोडके, कारली, दुधी. दिवाळीनंतर कोबी, फ्लॉवर, वांगी, आणि थंडी पडली की मेथी, हरभऱ्याची कोवळी भाजी, वाटाणा. पौषात नाशिकच्या खानावळीत जेवलेला माणूस या शहरावर खूश होतो. उन्हाळ्यात पालेभाजी महागली, पिवळी पडली, की हाच आकडा कडधान्याकडे वळतो. मटकी, चवळी, मसूर, हरभरा. कडधान्यंही लागोपाठ झाली की बेसन: पिठलं, पातोडीचा रस्सा, डुबुक वडे. आणि सगळंच कठीण झालं की शेवभाजी. तिला बाजार लागतच नाही; डब्यात जाड शेव आणि पातेल्यात रस्सा असला की भागलं.

ताटाच्या कडेला असलेला कच्चा कांदा पाहिला तरी बाजार कळतो. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत भरून ठेवतात. तो दसरा-दिवाळीपर्यंत पुरवायचा असतो. साठवणीचा कांदा संपत आलेला आणि नवा लाल कांदा अजून यायचा, या सांध्यात भाव चढतो. कांद्याची बाजारपेठ लासलगाव इथून तासाभराच्या अंतरावर असलं तरी नाशिकच्या ताटालाही ते चुकत नाही. तेव्हा कांद्याच्या जागी मुळ्याच्या चकत्या येतात, नाहीतर कोबी चिरून लिंबू मारलेला. गिऱ्हाईक कुरकुर करतं. मालक म्हणतो, "शेठ, कांदा मागू नका, बाकी काहीही मागा."

बाकी काहीही मागा म्हणजे नेमकं काय, हा पुढचा भाग. खानावळीत दोन प्रकार असतात. मर्यादित ताट, म्हणजे ठरलेल्या पोळ्या, दोन भाज्या, वरण, भाताची एक मूद, आणि अनलिमिटेड. अनलिमिटेड परवडतं कसं, हे कोडं बऱ्याच जणांना पडतं. समजा दुपारी 100 जण जेवतात. त्यातले आठ-दहा जण सात-आठ पोळ्या खातात, पण बाकीचे तीन-चारवर थांबतात. सरासरी चारच्या आसपास राहते. एक किलो कणीक मळल्यावर दीड किलोच्या वर गोळा होतो. चाळीस ग्रॅमची लाटी धरली तर चाळीसेक पोळ्या. म्हणजे शंभर माणसांना दहा किलो कणीक पुरते. जास्त खाणाऱ्याच्या पोळ्यांचे पैसे कमी खाणारा भरत असतो, आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नाही. हे गणित गर्दीवर चालतं. वीस ताटांच्या खानावळीत दोन पैलवान आले तर दिवस तोट्यात जातो, म्हणून लहान खानावळी मर्यादित ताटच ठेवतात आणि जादा पोळीचे वेगळे पैसे घेतात.

भिंतीवरच्या सूचनाही याच गणितातून येतात. 'एका थाळीत दोघांना जेवता येणार नाही.' 'अनलिमिटेडचे पार्सल मिळणार नाही.' 'ताटात उष्टे टाकल्यास जादा आकार.' वाचताना हे शब्द उद्धट वाटतात. पण वाढलेलं आणि टाकलेलं अन्न या सरासरीत बसतच नाही. माणूस आठ पोळ्या खाईल हे मालकानं धरलेलं असतं. चार खाऊन दोन टाकील हे धरलेलं नसतं.

ताट कमीत कमी किती असावं, याचा एक सरकारी अंदाजही आपल्याकडे आहे. 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात आणि 100 ग्रॅम वरण ठरलं, किंमत 10 रुपये, वरचा भार सरकारचा. त्याआधी 1995 च्या युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर काढली होती. खानावळवाला या दोन्ही योजनांकडे मिश्कीलपणे पाहतो. त्याला अनुदान नाही, आणि त्याचा सिलिंडर 14.2 किलोचा लाल घरगुती नसून 19 किलोचा निळा, व्यावसायिक दराचा असतो.

महिन्याच्या मेंबरचा हिशेब आणखी निराळा. तो पैसे आगाऊ भरतो. त्या पैशातून महिन्याचा किराणा येतो: तूरडाळ, तांदूळ, तेलाचे डबे. म्हणून मेंबरला दर कमी लागतो आणि अचानक टपकणाऱ्या गेस्टला जास्त. मेंबर गावी गेला तर त्याचा 'खाडा' धरतात, म्हणजे तेवढे दिवस पुढे ढकलतात किंवा पैसे वजा करतात. पण खाड्याचे नियम कडक. आदल्या दिवशी सांगायला हवं आणि सलग काही दिवसांचा हवा. एका वेळेचा खाडा कुणी देत नाही, कारण तोवर मटकी भिजलेली असते. मेस लावताना दराची घासाघीस करण्यापेक्षा खाड्याचा नियम नीट विचारून घ्यावा. महिन्यातून दोनदा येवल्याला किंवा सटाण्याला घरी जाणाऱ्या मुलाचा खरा फायदा-तोटा तिथे आहे.

आता ताट समोर आलं असं धरू. स्टीलचं, खाचांचं, किंवा साधं ताट आणि तीन वाट्या. वरच्या कडेला मीठ, लिंबाची फोड, ठेचा किंवा खुरासणीची चटणी. खुरासणी ही त्र्यंबक-पेठच्या डोंगराळ भागातली. काळपट, जराशी कडवट, लसूण घालून कुटलेली. नवखा माणूस ती बाजूला सारतो. तसं करू नये. दुधी किंवा कोबीसारख्या सपक भाजीला उचलून धरण्यासाठीच ती ताटात असते. आचारी भाजी मुद्दाम मध्यम तिखट करतो, कारण शंभर जिभांना एकच तिखट चालत नाही. ज्याला जास्त हवं त्यानं ठेच्याशी मिटवून घ्यायचं.

पोळी की भाकर, हे नाशिकच्या खानावळीत विचारतात. पोळीला कणकेची लवचीक लाटी मिळते, एक बाई लाटते, दुसरी भाजते, काम झपाट्यानं होतं. बाजरीच्या पिठाला तो चिवटपणा नसतो. आधणाच्या पाण्यात मळून प्रत्येक भाकर हातानं थापावी लागते, पाणी फिरवून उलटावी लागते, मग थेट आचेवर फुगवावी लागते. शिवाय बाजरीचं पीठ चार-आठ दिवसांत कडू पडतं, त्यामुळे दळण थोडं थोडं आणावं लागतं. म्हणून दोन पोळ्यांच्या बदली एक भाकर, किंवा भाकरीचे जादा पैसे, हे रास्तच आहे. हिवाळ्यात बाजरी घ्यावी, उन्हाळ्यात ज्वारी. पश्चिमेकडच्या तालुक्यांतली माणसं चालवत असतील तर नागलीही मिळते. ती दिसली तर पोळीकडे पाहू नये. भाकर मात्र गर्दीच्या आधी किंवा गर्दी ओसरल्यावर मागावी. भर दीड वाजता मागितली तर ती सकाळी थापून फडक्यात गुंडाळून ठेवलेली येते.

रस्सा हा या ताटाचा आत्मा, आणि नाशिकचा रस्सा काळ्याच्या बाजूला झुकलेला. तो कसा होतो ते एकदा भटारखान्याच्या दारात उभं राहून पाहण्यासारखं आहे. अख्खे कांदे सालासकट आचेवर टाकतात. वरचं साल जळून काळं होतं, आतला कांदा मऊ, गोडसर होतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तशाच भाजतात, कडेला ठिणगी धरेपर्यंत. आलं, लसूण, कोथिंबिरीच्या काड्या. पानं वर पेरायला, काड्या वाटणाला. कोथिंबीर महाग असते तेव्हा ही विभागणी फार काटेकोर होते. खड्या मसाल्यात धने, मिरे, लवंग, तमालपत्र आणि दगडफूल. दगडफुलाशिवाय तो वास येत नाही. हे सगळं वाटून तेलात परततात, आणि इथे घाई करणारा आचारी उघडा पडतो. वाटणातलं पाणी आटून तेल कडेनं सुटेपर्यंत परतावं लागतं. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही. म्हणून तिखट तेलात पडायला हवं, तेही आच कमी करून, नाहीतर करपतं. मग पाणी घालायचं ते उकळतं. थंड पाणी ओतलं तर उकळी बसते आणि तर्री वर यायला फार वेळ घेते. चांगल्या रश्श्यावर तर्री पातळ आणि पारदर्शक असते, खालचा रस्सा दाट. तर्री बोटभर जाड आणि खाली नुसतं लाल पाणी असेल, तर वाटणाची कसर तेलानं भरून काढली आहे असं समजावं.

शेवभाजी याच रश्श्याची. तिच्यात शेव घालायची वेळ महत्त्वाची. वाटी तुमच्यासमोर ठेवायच्या आधी मिनिटभर शेव पडली असेल तर ती बाहेरून मऊ, आत कणखर राहते. पातेल्यातच घालून ठेवली असेल तर तासाभरात तिचं पिठलं होतं. "शेव वरून द्या" असं सांगता येतं, आणि ते सांगणाऱ्याकडे मावशी जरा आदरानं पाहतात.

भात शेवटी. पोळी-भाकर आटोपल्यावर भाताची हाक मारायची, तोवर कुकर किंवा पातेलं उतरलेलं असतं. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यातला इंद्रायणी असेल तर तो चिकट, वासाचा. वरणाशी तोच जमतो. मोकळा कोलम रश्श्याला बरा. काही ठिकाणी पहिला भात वरणाचा, मग पोळी, मग रश्श्याचा भात आणि शेवटी ताकभात, हा जुना पंगतीचा क्रम अजून पाळतात. तिथे निमूटपणे तसंच जेवावं. वाढणारा ज्या क्रमानं फिरतो त्या क्रमाच्या बाहेर काही मागितलं की दोघांचाही वेळ जातो. नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा. बोलायची गरज नाही, वाढपी शब्दापेक्षा हात लवकर ओळखतात.

घरापासून दूर असलेल्या माणसाला परवडेल असं घरचं जेवण कसं घालायचं, हा प्रश्न काही आपला एकट्याचा नाही. फिलिपिन्समध्ये हेच काम कारिंदेरिया करते. दावाओसारख्या शहरात डॉक्टरकीला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांची तिच्याशी पहिल्याच आठवड्यात गाठ पडते. रस्त्याकडेला छोटं दुकान, समोर काचेच्या कपाटात किंवा फळीवर ओळीनं पातेली. तिथेही मेन्यूकार्ड नाही. झाकण उचलून पाहायचं आणि बोट दाखवायचं. अशा खाणावळींना बोट दाखवण्यावरूनच 'तुरो-तुरो' म्हणतात. एका पातेल्यात आदोबो: व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, मिरे आणि तमालपत्रात शिजवलेलं डुक्कर किंवा कोंबडी. दुसऱ्यात सिनिगांग, चिंचेच्या आंबटपणावर उभा असलेला पातळ रस्सा, त्यात मुळा, भेंडी, वांगं आणि मासळी किंवा डुकराचं मांस. आमटीत चिंच घालणाऱ्या माणसाला हा रस्सा पहिल्या घोटात ओळखीचा वाटतो, फक्त हळद, हिंग आणि फोडणी कुठे गेली असा प्रश्न पडतो. शाकाहारी मुलाची मात्र तिथे पंचाईत. भाजीच्या पातेल्यातही कोळंबीची आंबवलेली चटणी किंवा माशाचं पाणी असू शकतं.

हिशेबाची रीत मात्र उलटी आहे. तिथे दर पातेल्याप्रमाणे आणि भात वाटीवर. एक कालवण आणि दोन वाट्या भात एवढंच घेऊन माणूस उठू शकतो, खिशात कमी असतील तर अर्धं कालवणही मागतो. आपल्याकडे दर ताटाचा. कारिंदेरियात गिऱ्हाईक पैसे वाचवतं ते निवड करून, खानावळीत ते जमतं पोटभर जेवून. कमी खाणाऱ्याला कारिंदेरिया स्वस्त, भरपूर खाणाऱ्याला खानावळ. आणखी एक फरक वेळेचा. तिथे बरंचसं सकाळीच शिजतं आणि पातेली दिवसभर समोर असतात. आदोबोला व्हिनेगरमुळे ते सोसतं. आपलं वरण आणि रस्सा चार तास बाहेर बसू शकत नाही, म्हणून खानावळीला चूल दोनदा पेटवावी लागते आणि मधे दुपारी तीन ते सात दार लावून घ्यावं लागतं. चार वाजता जाऊन "काहीही चालेल" म्हणणाऱ्या माणसाला काहीच मिळत नाही, ते त्यामुळे. चव ज्यानं त्यानं ठरवायची, ही सोय मात्र दोन्हीकडे सारखी. त्यांच्या टेबलावर व्हिनेगर, माशाचं पाणी, मिरची आणि छोटं कालामान्सी लिंबू. आपल्याकडे मीठ, लिंबू आणि ठेचा.

बाजाराखालोखाल खानावळीचं ताट ठरवतं ते पंचांग. एकादशीला भगर आणि शेंगदाण्याची आमटी. भगरीच्या गिरण्या नाशिकमध्येच पुष्कळ, त्यामुळे इथली भगर बहुधा ताजी असते. जोडीला उकडलेल्या बटाट्याची भाजी. उपास नसलेल्यानंही हे ताट एकदा घ्यावं, साबुदाण्यापेक्षा हलकं जातं. श्रावणात सामिष खानावळी ओस पडतात. बरेच जण तेवढ्यात रंगरंगोटी उरकून घेतात. श्रावणी सोमवारी त्र्यंबकची फेरी आणि पौषात निवृत्तिनाथांची यात्रा, या दिवसांत शहरातल्या खानावळींत अनोळखी गर्दी असते आणि मेंबर लोक वैतागलेले. रविवारी दुपारी फीस्ट: पुरी, मसालेभात, गुलाबजाम किंवा श्रीखंड. रविवारी रात्री सुट्टी, कारण पोळ्या लाटणाऱ्या बायकांनाही घर असतं. सिंहस्थ आला की सगळी गणितं विस्कटतात. 2003 आणि 2015 नंतरचा सिंहस्थ आता दारात आहे. पर्वणीच्या दिवसांत महिन्याच्या मेंबरला कसं सांभाळायचं, हा विचार शहाण्या मालकांनी आत्तापासून केलेला बरा.

चांगली खानावळ ओळखायची कशी? लोक पनीर चाखून ठरवतात, ते चूक. वरण पाहावं. एक किलो तूरडाळीत किती वाट्या काढायच्या हे मालकाच्या हातात असतं, आणि काटकसर सुरू झाली की ती पहिल्यांदा वरणात उतरते. ताटात थोडं ओतून पाहावं. डाळ आणि पाणी वेगवेगळं पळत असेल तर उद्या दुसरीकडे जावं. त्यानंतर पोळी: दुसऱ्या फेरीची पोळीही गरम आहे का? पहिली सगळेच गरम देतात. पाण्याचा जग कडेनं निसरडा लागतो का, हात धुवायच्या जागी साबण आहे का, भिंतीवर अन्न परवान्याचा 14 आकडी क्रमांक लावलेला आहे का, एवढं जाता जाता दिसतं. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे मेंबर. आठ-दहा माणसं आपापल्या ठरलेल्या जागेवर, फोनमध्ये बघत, न बोलता भराभर जेवत असतील, तर जेवण चांगलं आहे. रोजचं जेवण कुणी वाखाणत बसत नाही.

जायचं असेल तर दुपारी साडेबारा ते सव्वाच्या दरम्यान जा. भाजी ताजी असते आणि आवडती संपलेली नसते. आत शिरताना दर विचारू नका, तो पाटीवर असतो. भाजी विचारा, आणि ती पटली नाही तर बिनदिक्कत परत फिरा, कुणाला राग येत नाही. सुटे पैसे ठेवा. आणि चार-पाच जण मिळून जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत फोन करून सांगा, म्हणजे डाळ कुकरला लागतानाच तुमची माणसं मोजली जातात आणि वरणात पाणी वाढवायची वेळ येत नाही.